दोन खांबांमधली जागा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने, मेंदूविकारतज्ज्ञ ह्या नात्याने केलेले भाषण)



मला पाठविलेल्या निमंत्रणात ‘मेंदूचे आरोग्य’ असा विषय सुचविलेला होता. तो मी सोडलेला नाही, पण आज तो एका गोलरक्षक बाईच्या आयुष्यातून सांगावा असे मनात आहे. तिचे नाव ब्रायाना स्करी. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाचा गोल तिने १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षे राखला. तिच्याविषयी मी एकेरीत बोलेन. आवडत्या खेळाडूंना आपण एकेरीतच हाक मारतो, त्यात अनादर नसतो.

हैदराबादेत फुटबॉलविषयी बोलायला फार प्रस्तावना लागू नये. काचीगुड्याच्या शाळेत शिकविणारे एक मास्तर, सय्यद अब्दुल रहीम, पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले. रहीमसाहेबांचे नाव अलीकडे चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले आहे. त्या अंतिम सामन्यात भारताचा गोल राखणारे पीटर थंगराज हेही जुन्या हैदराबाद संस्थानात जन्मलेले. त्यांचे नाव ह्या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे, हे मी हात वर करायला लावून विचारीत नाही. गोलरक्षकाच्या वाट्याला बहुधा असेच विस्मरण येते.

ही जागाच विचित्र आहे. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी एक चौकट, आणि तिच्यापुढे एकटे माणूस. पुढे खेळणाऱ्याने दहा संधी घालविल्या आणि अकराव्या वेळी गोल केला, तर तो त्या दिवसाचा नायक. गोलरक्षकाने दहा चेंडू अडविले आणि अकरावा सुटला, तर लोक अकराव्याविषयीच बोलतात. तिचे चांगले काम म्हणजे काहीही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढता येत नाही.

ब्रायाना ह्या जागेवर आली ती आवडीने नव्हे. मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेकडचे थंडीचे राज्य. तेथे १९७१ च्या सप्टेंबरात तिचा जन्म झाला. नऊ भावंडांतली ती सर्वांत धाकटी, आणि आजूबाजूची वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. ती आठ वर्षांची असताना, १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नवख्या आइस हॉकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरविलेले तिने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि आपणही ऑलिंपिकला जायचे असे ठरवून टाकले. कोणत्या खेळातून, हे तेव्हा ठरलेले नव्हते. पुढे फुटबॉल खेळू लागली तेव्हा संघ मुलांचा होता आणि मुलगी ही एकटीच. प्रशिक्षकाने विचार केला, पोरगी आहे, मैदानात मुलांच्या धक्काबुक्कीत कशाला घालायची; तिला गोलमध्ये उभी करू, तेथे ती सुरक्षित राहील.

हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

तिच्या पिढीचे दैव एका बाबतीत बलवत्तर होते. १९७२ साली, म्हणजे ती पुरती वर्षाचीही झालेली नसताना, अमेरिकेत एक कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. हा कायदा करताना खेळाचा विचार फारसा कोणाच्या मनात नव्हता, पण सर्वांत मोठा परिणाम झाला तो मैदानांवर. मुलांचा संघ असेल तर मुलींनाही संधी द्यावी लागली, प्रशिक्षक नेमावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. ब्रायाना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात खेळली ती ह्याच उघडलेल्या दारातून आत जाऊन. १९९४ मध्ये ती राष्ट्रीय संघात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, जेथे महिला फुटबॉलला प्रथमच स्थान मिळाले होते, तिने सुवर्णपदक गळ्यात घातले. आठव्या वर्षी केलेला निश्चय चोविसाव्या वर्षी पुरा झाला.

तिची कीर्ती मात्र १० जुलै १९९९ ह्या दिवसाशी बांधली गेली आहे. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील रोझ बोल मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, अमेरिका विरुद्ध चीन. प्रेक्षक ९०,१८५. बायकांचा खेळ पाहायला एवढी माणसे एका जागी जमली होती. भर उन्हात दोन्ही संघ एकशे वीस मिनिटे खेळले आणि एकही गोल झाला नाही. जादा वेळेत चीनचा एक चेंडू ब्रायानाला चकवून गोलरेषेपर्यंत पोहोचलाही होता. क्रिस्टीन लिली तेथे उभी होती, तिने तो डोक्याने परतविला. मग पेनल्टी.

पेनल्टी घेतली जाताना मारणारी खेळाडू चेंडूकडे चालत येते. त्या वेळी तिच्याकडे न पाहण्याची ब्रायानाची सवय होती. आपले मन आपल्यापाशी ठेवायचे, समोरचीचा विचार करायचा नाही. चीनची तिसरी पेनल्टी घ्यायला लियू यिंग निघाली तेव्हा मात्र तिने मान वर करून पाहिले. लियूचे खांदे पडलेले दिसले. ब्रायानाला वाटले, ही आपल्याला सापडणार. चेंडू सुटला, ती झेपावली, आणि तो तिच्या हातांना लागून बाहेर गेला. बाकी सगळ्या पेनल्ट्यांवर दोन्ही बाजूंनी गोल झाले. अमेरिका ५-४ अशी जिंकली.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हाच्या नियमानुसार गोलरक्षकाला पेनल्टीच्या वेळी रेषेवर डावीउजवीकडे सरकता येत असे, चेंडू मारण्याआधी पुढे येता येत नसे. ब्रायाना पुढे आली होती. चित्रफितीत ते स्पष्ट दिसते, आणि तिनेही ते कधी लपविलेले नाही. पंचांनी शिट्टी वाजविली नाही, निकाल कायम राहिला. चीनच्या मुलींवर अन्याय झाला असे कोणी म्हटले, तर त्याच्याशी वाद घालण्याची मला इच्छा नाही. माझ्या मते तिचा त्या स्पर्धेतला खरा पराक्रम त्याआधी सहा दिवसांचा आहे, ४ जुलैच्या उपान्त्य सामन्यातला. ब्राझीलच्या मुलींनी एकामागून एक हल्ले केले आणि तिने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. तो सामना आज कोणाला आठवत नाही.

अंतिम सामन्याची आठवण म्हणून जगभर छापले गेले ते छायाचित्रही तिचे नव्हे. शेवटची पेनल्टी मारणारी ब्रँडी चॅस्टेन गुडघ्यांवर बसून, काढलेला सदरा मुठीत धरून ओरडते आहे, ते ते चित्र. चॅस्टेनचा तो हक्कच होता. पण ज्या अडविलेल्या चेंडूमुळे तिच्या गोलला विजयाचा अर्थ आला, तो चेंडू अडविणारी बाई त्या चित्राच्या चौकटीबाहेर आहे.

पुढची काही वर्षे मी भराभर सांगते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला तिची जागा गेली आणि तिला बाकावर बसावे लागले. घाम गाळून तिने ती परत मिळविली. २००४ साली तिचे वडील वारले आणि त्याच वर्षी अथेन्सला ब्राझीलविरुद्ध जादा वेळेत जिंकलेल्या अंतिम सामन्यात गोल राखून तिने दुसरे सुवर्णपदक घेतले. २००७ मध्ये चीनमधल्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यासाठी प्रशिक्षकाने चांगल्या खेळत असलेल्या होप सोलोला काढून अचानक हिला उभे केले. वय ३६. अमेरिका ४-० अशी हरली, आणि सोलोने पत्रकारांसमोर उघडपणे सांगितले की मी असते तर ते चेंडू अडविले असते. अपमान गिळून ब्रायाना संघाबरोबर राहिली. कारकीर्दीच्या अखेरीस तिच्या नावावर सुमारे पावणेदोनशे आंतरराष्ट्रीय सामने होते.

आता मी माझ्या क्षेत्राकडे येते.

२५ एप्रिल २०१०. वॉशिंग्टन शहराच्या व्यावसायिक संघाकडून ती फिलाडेल्फियाविरुद्ध खेळत होती. चेंडू खालून येत होता. तो घ्यायला ती वाकली आणि त्याच चेंडूसाठी धावत आलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा तिच्या उजव्या कानशिलावर बसला. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही. ती उठली आणि खेळत राहिली. मध्यंतराला मैदानाबाहेर येताना तिचा तोल जात होता, नजर अंधुक झाली होती. संघाच्या उपचारतज्ज्ञाने विचारले, बरी आहेस ना? ती म्हणाली, नाही. तो तिच्या आयुष्यातला शेवटचा सामना ठरला.

ह्या दुखापतीला डॉक्टरी भाषेत कन्कशन म्हणतात; आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. मेंदू कवटीत घट्ट बसविलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी झटक्याने हलले किंवा वळले की आतला मेंदूही हेलकावतो. त्याच्या सूक्ष्म तंतूंना ताण बसतो आणि पेशींचे रासायनिक व्यवहार काही काळ विसकटतात. ह्यासाठी डोक्यावरच आघात व्हावा लागतो असेही नाही, आणि शुद्ध हरपायलाच हवी असेही नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. सी.टी. स्कॅन रक्तस्राव दाखवितो, कवटीला गेलेली चीर दाखवितो. हे विसकटलेले व्यवहार त्यात दिसत नाहीत. म्हणून अहवालावर ‘नॉर्मल’ असे लिहून येते आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. रक्तस्राव नाही हे कळले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु दुखापत झालीच नाही असा त्या शब्दाचा अर्थ नव्हे.

बहुतेक माणसे ह्यातून पुरती बरी होतात. मुलांना थोडा अधिक वेळ लागतो, साधारण चार आठवड्यांपर्यंत. काही जणांची लक्षणे मात्र मागे रेंगाळतात. ब्रायाना त्यांतली एक. डोक्याच्या मागच्या बाजूला, कानामागे, सतत ठणका. प्रकाश सोसवेना, आवाज सोसवेना, वाचलेले ध्यानात राहीना. जिची सारी मिळकत एकाग्रतेवर उभी होती, तिला साधे लक्ष लावता येईना. त्यामागून विषण्णता आली. भेटणाऱ्यांना समोर एक धडधाकट, उंचीपुरी खेळाडू दिसे. विम्याच्या लोकांशी उपचारांच्या खर्चावरून वाद चालत. ती एका धबधब्याच्या काठावर जाऊन उभी राहिली आणि उडी घेण्याचा विचार तिच्या मनात आला. आईला ही बातमी कशी कळेल, हा विचार आला म्हणून ती मागे वळली. हे तिने स्वतः जगाला सांगितले आहे, म्हणूनच मी येथे उच्चारते.

पैसे संपले तेव्हा तिने ऑलिंपिकची दोन्ही सुवर्णपदके गहाण टाकली. मिळाले १८,००० डॉलर.

मराठी घरात गहाण ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्या आज्यांच्या पाटल्या कोणत्या वर्षी आणि कशासाठी गेल्या, हे आपल्याला घरोघर ठाऊक असते. पण पाटल्या सोन्याच्या भावाने जातात. ह्या पदकांत सोने नावापुरतेच असते. त्यांची किंमत ती मिळविणाऱ्या माणसात असते. ते माणूस तर आजारी होते.

सुटका व्हायला साडेतीन वर्षे लागली. अखेर एका डॉक्टरने तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले, ठणका नेमका कोठून उठतो ते बोटाने चाचपून पाहिले आणि सांगितले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या नसा दुखापतीनंतर आवळल्या गेल्या आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून त्या मोकळ्या केल्या, आणि तो ठणका गेला. अशी शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागते असा समज करून घेऊ नये. फार थोड्यांना लागते. माझ्या मनात भरते ते त्याआधीचे चाचपणे. पदकेही परत आली. ती सोडवून आणायला क्रिसा झिझोस ह्या बाईंनी मदत केली. पुढे त्या दोघींनी विवाह केला.

मार्च २०१४ मध्ये ती अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे उभी राहिली आणि आपल्या डोक्यात काय झाले ते सांगितले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल कीर्तिमंदिरात तिची निवड झाली. हा मान मिळविणारी ती पहिली महिला गोलरक्षक आणि पहिली कृष्णवर्णीय महिला. मला स्वतःला त्या मानापेक्षा समितीपुढची साक्ष मोठी वाटते. गोल राखायला जे धैर्य लागते त्याला टाळ्या मिळतात. मला नैराश्य आले होते, मला हिशेब जमत नव्हता, असे चारचौघांत सांगायला लागणारे धैर्य वेगळ्या जातीचे असते.

खेळ चालविणाऱ्यांनी ह्यातून काय केले, तेही पाहू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात (हे राज्य, राजधानीचे शहर नव्हे) झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा २००६ साली शाळेच्या सामन्यात डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला आणि कायमचा अपंग झाला. तेथे २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: हादऱ्याची शंका आली की मुलाला मैदानाबाहेर काढायचे आणि जाणकाराने लेखी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा उतरवायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळाने २०२१ पासून अशा खेळाडूऐवजी जादा बदली खेळाडू देण्याचा प्रयोग केला आणि २०२४-२५ च्या नियमावलीत त्याला कायमची जागा दिली, तीही स्पर्धेच्या आयोजकांची मर्जी असेल तर. माझ्या मते ह्याला फार वेळ लागला. सिनेमात नायकाने कपाळाला पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, ही सवय तेथेही आहे आणि येथेही.

आणि हा प्रश्न केवळ फुटबॉलचा नव्हे. आपल्या शाळेच्या पटांगणावर मुली कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात. पटांगण मुरमाचे आहे, आणि मी शिकत होते तेव्हाही मुरमाचेच होते. माझ्याकडे काही काळापूर्वी नववीतली एक मुलगी आली, ह्या शाळेतली नव्हे. कबड्डीत पकडीच्या वेळी तिचे डोके जमिनीवर आपटले होते. स्कॅन नॉर्मल होता. तीन आठवडे झाले तरी वर्गात फळ्यावरचे उतरवून घेताना तिचे डोके दुखे, गोंगाटात बसवत नसे, आणि पाठांतरात नेहमी पुढे असणाऱ्या मुलीला पाढे अडखळत होते. परीक्षा तोंडावर आल्यामुळे ही सबब सांगते आहे, असे शाळेत ठरले होते आणि घरीही. आई माझ्यासमोर म्हणाली, “डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला, रिपोर्टात काही नाही.” मुलगी खाली मान घालून बसली होती. मी आधी मुलीला तिचे म्हणणे सांगू दिले, तिला तपासले, आणि मग आईला तेच सांगितले जे मघाशी आपल्याला सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. उपचार म्हणाल तर साधेच होते: शाळेचा दिवस अर्धा केला, वाचन थोडे थोडे वाढविले, रोज फिरायला लावले, आणि डोकेदुखी थांबल्यावर पायरीपायरीने खेळ सुरू केला. दीड महिन्याने ती कबड्डीच्या सरावाला गेली.

पालकांसाठी व्यवहारातल्या चार गोष्टी सांगून टाकते. डोक्याला मार लागला, आणि मूल गोंधळलेले, सुस्त किंवा तोल जात असलेले दिसले, तर त्या दिवशीचा खेळ संपला असे समजावे, मग सामना कोणताही असो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा जागे करूनही न उतरणारी गुंगी ह्यांपैकी काहीही दिसल्यास घरी वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे. ते नसेल तर एक-दोन दिवस विश्रांती द्यावी, मोबाइल आवरावा, आणि नंतर हलक्या हालचाली सुरू कराव्यात. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. पहिला हादरा पुरता ओसरण्याआधी दुसरा बसू देऊ नये, ह्यासाठी खेळाची परतणी टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या संमतीने व्हावी. फुटबॉलमध्ये मुलींना असे हादरे मुलांपेक्षा अधिक प्रमाणात बसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. ह्याचा अर्थ मुलींना मैदानातून काढून घ्यावे असा कोणी लावील, म्हणून मघाच्या त्या प्रशिक्षकाची आठवण करून देते. त्याने एका मुलीसाठी मैदानातली सर्वांत सुरक्षित जागा शोधून काढली होती. अशी जागा मैदानात नसते. मेंदूला व्यायाम हवा, मुलींना खेळ हवा. माझ्या दवाखान्यात खेळून आजारी पडलेल्यांपेक्षा बसून आजारी पडलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला सांगितले की शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ येथे मागच्या रांगांत बसला आहे आणि त्यांच्या गोलरक्षक मुलीला काही विचारायचे आहे. माझा वेळ संपत आला आहे; उरलेला तिला द्यावा. बाळ, पुढे ये, ध्वनिक्षेपक येथे आहे.